तिसरा सेल

बॅटरी विकणारा माणूस जेव्हा ‘तुमची बॅटरी गेली’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो, असं माझं पुष्कळ वर्षं ठाम मत होतं. या मताला पुरावा नव्हता. तो माणूस बॅटरी विकतो, त्याच्या शर्टाला आम्लाने पडलेली भोकं असतात आणि तो काउंटरवर बसून तंबाखू मळतो, एवढ्यावर ते उभं होतं. मी स्वतः जबलपूरच्या एका महाविद्यालयात नोकरीची सारी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. शिशाच्या संचायक घटाचं समीकरण फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: एका पट्टीवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये पातळ गंधकाम्ल. घट वापरला की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं, आम्ल खर्ची पडतं, पाणी वाढतं. चार्ज केला की सगळं उलट. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने १८५९ साली हा घट बनवला, हेही सांगत असे. मात्र माझ्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट निवृत्त होईपर्यंत मी एकदाही उघडलं नव्हतं.

यात आळस होताच, पण नुसता आळस नव्हता. माझे वडील इथल्या व्हेइकल फॅक्टरीत होते. १९६९ साली ती उभी राहिली तेव्हापासून. शक्तिमान ट्रक, जोंगा गाड्या, हे शब्द आमच्या घरात भाजी-आमटीसारखे रोजचे. जेवताना ते कामाबद्दल बोलत. लष्करी ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात आणि त्या जोडीतली एक थकली की चांगली असलेलीही वाया जाते, हे मी शाळेत असतानाच ऐकलेलं आहे. ऐकलं आणि सोडून दिलं. कारण त्याच जेवणात ते हेही सांगत की तू शिक, तुला हात काळे करायला लागू नयेत. मी ते मनावर घेतलं, आणि त्यांनी म्हटलं होतं त्याच्याही पुढे गेले. ज्यांचे हात काळे असतात त्यांना कमी कळतं, असा अर्थ मी माझा मीच लावला. वडिलांचे स्वतःचे हात काळे होते, हे त्यात कुठे बसवलं होतं कोण जाणे.

गाडी यजमान बघायचे. ते गेल्यावर ती माझ्या गळ्यात आली. मी चालवते बऱ्यापैकी, पण माझं चालवणं म्हणजे राइट टाउनमधून गोलबाजार, फार तर सिव्हिक सेंटर, आणि परत. दहा मिनिटं जायचं, दहा मिनिटं यायचं, मग चार-पाच दिवस गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी. बॅटरीत पाणी कोण घालतं, कुठलं घालतं, हे मी कधी विचारलं नाही. नंतर कळलं, गाडी धुणारा मुलगा स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घालत होता. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या घरात! त्या पाण्यात क्षार उरतात आणि बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच लागतं, हे मी कितीतरी मुलांकडून परीक्षेत लिहून घेतलं असेल.

दिवाळीच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा गॅरेजच्या शेजारच्या बॅटरीवाल्याने मला हाक मारली. त्याने बॅटरीची सहाही झाकणं उघडली होती. पोऱ्याला सेल्फ मारायला लावला आणि तो वाकून आत बघत राहिला. मग म्हणाला, “मैडम, तीसरा सेल कमजोर है. ठंड में धोखा देगी.” तिसऱ्या घरात बुडबुडे येतायत, बघा, असंही म्हणाला. मी बघितलं नाही. मला ते सगळं नाटक वाटलं. सेल्फ मारताना घरात डोकावून रोग सांगणारा वैदू! मी तिथल्या तिथे, गॅरेजच्या चार माणसांसमोर, त्याला म्हटलं की भैया, मी केमिस्ट्री शिकवते, मला शिकवू नका. तो हसला नाही, रागावलाही नाही. झाकणं लावून घेतली आणि हात पुसले.

घरी येताना वाटेत मल्टिमीटर विकत घेतला, त्याला खोटं पाडायला. पोर्चमध्ये गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि लगेच वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर काटे लावले. लाल काटा अधिक टोकाला, काळा उणे टोकाला. आकडा आला १२.८. पुस्तकाप्रमाणे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. माझी त्याहून जास्त दाखवत होती. मला इतका आनंद झाला की मी नागपूरला मुलाला फोन करून सांगितलं.

आता विचार करते तेव्हा त्या १२.८ची लाज सगळ्यात जास्त वाटते. आकडा असायला हवा त्याहून जास्त आला, तर माणसाने आधी स्वतःच्या मोजण्यावर शंका घ्यावी, हे मी प्रयोगशाळेत नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात सांगत असे. गाडी चालू असताना अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास बॅटरीत ढकलत असतो. गाडी थांबल्यावरही पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तो चार्ज काही काळ रेंगाळतो. खरा आकडा हवा तर गाडी रात्रभर उभी राहू द्यावी लागते, घाई असेल तर निदान दोन-तीन मिनिटं हेडलाइट लावून तो वरवरचा चार्ज उतरवावा आणि थोडं थांबून मोजावं. मला घाई नव्हती. मला फक्त हवा तो आकडा पाहिजे होता आणि तो मिळाल्यावर मी मोजणं थांबवलं.

जानेवारीत ग्वारीघाटावर गाडीने सेल्फ घेतला नाही. सोबत माझी थोरली बहीण, गुडघ्यांनी अधू. आरती संपलेली, नर्मदेवरून बोचरा वारा. किल्ली फिरवली की नुसतं खट-खट-खट आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. घाटावरच्या मुलांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. यात सांगण्यासारखं एवढंच की मला त्या क्षणीही बॅटरीवाला आठवला नाही. मी आधी सेल्फला दोष दिला, मग थंडीला, मग गाडी बनवणाऱ्यांना.

थंडीचा दोष अगदीच खोटा नव्हता. जबलपूरला जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, कधी खालीही. इंजिनातलं तेल घट्ट होतं, बॅटरीतली क्रिया मंदावते, म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. पण बॅटरी मरते ती मे महिन्यात. आमच्याकडे तेव्हा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याखाली बॉनेटच्या आत किती असेल ते सोडाच. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. पट्ट्यांच्या जाळ्या गंजण्यालाही तो लागू आहे. उन्हाळ्यात जीव जातो आणि बातमी हिवाळ्यात कळते.

खरी गोष्ट त्यानंतर माझ्या पोर्चमध्ये घडली. शेजाऱ्यांकडचा चार्जर आणून रात्रभर लावला. नंतर चार्जर काढून गाडी एक दिवस तशीच ठेवली. सकाळी मल्टिमीटर लावला: १२.४. कोष्टकात हा आकडा पंचाहत्तर टक्के चार्जसमोर असतो. वाईट नाही, असं मनात आलंच. मग शेजारच्या मुलीला गाडीत बसवलं, गिअर काढून, हँडब्रेक ओढून. मी काटे टोकांवर दाबून धरले आणि तिला म्हटलं, मार सेल्फ.

१२.४ होतं तिथे ८.७ दिसलं. इंजिन कण्हत एकदाच फिरलं, चालू झालं नाही. तिने किल्ली सोडली, आकडा चढत पुन्हा १२च्या वर गेला, जणू काही झालंच नाही. मी तिला पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा तेच. चांगली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. पण मला त्या मर्यादेने हादरवलं नाही. हादरवलं ते त्या पडण्याने आणि सावरण्याने. काही मागितलं नाही तोवर बारा, आणि मागितलं की कोसळायचं. हे मी जन्मभर शिकवलेलं होतं. टोकांवरचा दाब म्हणजे घटाचं मूळ बल, वजा प्रवाह गुणिले अंतर्गत रोध. प्रवाह शून्य असेल तर दुसरं पद शून्य, मग रोध कितीही असो, आकडा सुंदरच येणार. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. म्हणजे दिवाळीत मी जे मोजलं ते बॅटरीचं आरोग्य नव्हतंच. व्होल्ट सांगतात ती भरलेली किती आहे. ती किती देऊ शकते, हे तिच्याकडे मागितल्याशिवाय कळत नाही. बॅटरीवाल्याने पोऱ्याला सेल्फ मारायला लावला होता तो याचसाठी. तो भार टाकून बघत होता. मी भार न टाकता त्याला खोटं ठरवलं.

तिथे थांबले असते तर निदान अर्धी अब्रू राहिली असती. पण त्याने तिसरा सेल म्हटलं होतं, आणि आता ते डोक्यातून जाईना. काचेची नळी, आत तरंगता काटा आणि वर रबरी फुगा असलेला हायड्रोमीटर बाजारातून आणला. कॉलेजच्या कपाटात असे डझनभर होते. घरी वापरायची वेळ पहिल्यांदाच आली. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवली. पान्याने दोन टोकं जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात, तीच जागा सोन्याच्या बांगडीने घेतली तर मनगट भाजून निघतं. मंगळसूत्र लोंबत असेल तर तेही आत खोचावं. चष्मा घातला, जुनी साडी नेसले, तुळशीपाशी लावलेली उदबत्ती आधी विझवली, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला ठिणगी पुरते. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेतली. केबल काढायची असेल तर आधी उणे, लावताना उणे शेवटी. हे सगळं करताना मला भीती वाटत होती, ते लिहायला हरकत नाही. आम्लाची नव्हे. तो माणूस खरा निघेल याची.

पहिल्या घरातलं आम्ल ओढलं: १.२४५. दुसरं: १.२४०. तिसऱ्या घरात काटा तळाकडे जाऊन बसला, १.१५०. मला वाटलं नळीत हवा शिरली. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. चौथं, पाचवं, सहावं पहिल्यासारखीच.

मी कागद घेऊन पायरीवर बसले. घटाचं व्होल्टेज काढायचा एक ढोबळ हिशेब आहे, आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवायचे. पाच चांगली घरं प्रत्येकी २.०८च्या आसपास, आजारी घर १.९९. बेरीज १२.४. जे मल्टिमीटरने दाखवलं होतं तेच. सहा घरांच्या बेरजेत पाचांनी एकाचं दुखणं झाकून टाकलं होतं, आणि मी बेरीज बघून निकाल दिला होता. घरांमधला फरक ०.०५०हून जास्त झाला की बॅटरीचे दिवस भरले असं मानतात. माझ्याकडे तो जवळजवळ दुप्पट होता. वडिलांनी ताटावर बसून जोडीतल्या थकलेल्या बॅटरीबद्दल जे सांगितलं होतं ते हेच. एकापुढे एक जोडलेल्या घरांमध्ये सगळ्यांतून एकच प्रवाह जातो, तेव्हा कमजोर घर सगळ्यांना खाली ओढतं. आणि भार पडला की ते बिचारं कोलमडतं, त्यात बुडबुडे येतात. ज्याला मी नाटक म्हटलं ते निरीक्षण होतं. मी मान वळवली असती तर मलाही दिसलं असतं. अर्थात झाकणं उघडी ठेवून सेल्फ मारणं घरी करू नये, वायू असतो. तो करतो, त्याच्या जोखमीवर करतो.

खरं सांगायचं तर बसून राहिले ते दुसऱ्याच कारणाने. तिसऱ्या घरातलं आम्ल कुठे गेलं? ते पट्ट्यांवर सल्फेट होऊन अडकलं होतं. बॅटरी ताबडतोब पुन्हा भरली तर सल्फेटचे बारीक स्फटिक विरघळतात. ती अर्धवट भरलेली राहिली तर तेच स्फटिक मोठे, टणक होतात आणि मग परतत नाहीत. दहा मिनिटांच्या फेरीत अल्टरनेटर सेल्फने घेतलेलंही धड परत करत नाही. म्हणजे गोलबाजारच्या माझ्या फेऱ्या, चार-चार दिवस उभी गाडी, फिल्टरचं पाणी. कुणीतरी मला फसवतंय म्हणून मी जगाकडे संशयाने बघत होते, तेव्हा शेडखाली बॅटरी मारण्याचं काम मीच करत होते.

बॅटरीवाल्याकडे गेले. माफी मागायची ठरवून गेले आणि नुसतं म्हटलं, भैया, तिसरा सेल खराब आहे. तो म्हणाला, “हाँ, वो तो है.” बस. मी हायड्रोमीटर दाखवला. त्याने तो उजेडात धरला, आकडे विचारले आणि सकाळी किती वाजता मोजलं ते विचारलं. मी सात म्हटलं. तो म्हणाला, ठंडीत काटा जरा वर बोलतो, तुमचा सेल याहून खराब आहे. मी गप्प. गार द्रव जड असतो. दर दहा अंशांमागे ०.००७ वजा करायचे असतात, सत्तावीस अंश धरून. ही दुरुस्ती माझ्या प्रयोगवहीत छापलेली असायची. माफी राहून गेली ती गेलीच. मी नवीन बॅटरी त्याच्याकडून घेतली आणि मनात स्वतःला सांगितलं की हीच माफी. ते खरं नाही, हे मला ठाऊक आहे.

जुनी बॅटरी मात्र मी परत मागितली. भंगारवाला जास्त देतो, म्हणून. बॅटरीवाला म्हणाला, मैडम, यहीं छोड़ दो, कंपनी वापस ले जाती है. खरंच नेते. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यायची हे २००१च्या नियमांतच होतं, आणि २०२२च्या नव्या नियमांनी उत्पादकावर ती गोळा करून शिसं परत मिळवण्याची जबाबदारी टाकली आहे. यजमान असल्यापासून आमच्या घरच्या सगळ्या बॅटऱ्या भंगारात गेल्या. भंगारातली बॅटरी कुठे जाते याचा विचार मी केला नव्हता. कुठल्या तरी परसात ती फोडतात, आम्ल मातीत ओततात आणि शिसं उघड्या भट्टीवर वितळवतात. युनिसेफच्या २०२०च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतकं किंवा जास्त शिसं असल्याचं म्हटलंय आणि अशा बॅटऱ्या हे त्याचं एक मोठं कारण सांगितलंय. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर काय करतं यावर माझं एक स्वतंत्र व्याख्यान असे. मुलं टाळ्याही वाजवत.

बॅटरी त्याच्याकडेच सोडली.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, मी सहाही घरं मोजते आणि दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवते. आठवड्यातून एकदा गाडी तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत नेऊन आणते. अल्टरनेटरला तेवढा वेळ मिळतो. पाणी घालते ते चार्ज झाल्यावर, पट्ट्यांच्या वरच्या खुणेपर्यंत, गच्च नव्हे. ‘मेंटेनन्स फ्री’ घेतली असती तर यातलं काही करावं लागलं नसतं. पण तिच्या झाकणावरचा हिरवा डोळा सहांपैकी एकाच घरात डोकावतो, त्यामुळे मी झाकणंवालीच मागितली.

नवीन बॅटरीची घरं १.२४०वर थांबली तेव्हा मी पुन्हा दुकानात गेले होते. माझ्याकडच्या विलायती पुस्तकात भरलेल्या बॅटरीचा आकडा १.२६५च्या वर आहे, काही ठिकाणी १.२८०. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की ही अर्धवट भरलेली दिलीत का. त्याने लेबल दाखवलं. उष्ण प्रदेशांसाठी आम्ल बऱ्याचदा मुद्दाम पातळ भरतात, पट्ट्या जास्त टिकाव्यात म्हणून. त्या लेबलावर १.२४०च छापलेलं होतं. आवाज चढवण्याआधी मी ते वाचू शकले असते. तो म्हणाला, बसा, चहा मागवतो, आणि पोऱ्याला दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला पाठवलं. या वेळी मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि आत वाकून बघितलं.